कॉलेजला जाण्याआधी: मुलाची तयारी घरच्या घरी कशी तपासायची

एका विद्यार्थिनीचे दहावीचे गुण असे आहेत समजा: मराठी ९२, संस्कृत ९७, इंग्रजी ८१, गणित ५८, विज्ञान ७८, सामाजिक शास्त्रे ९४. राज्य मंडळाच्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ पद्धतीत सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतात, म्हणजे इथे गणित आपोआप गळतं. उरलेल्या पाचांची बेरीज ४४२, टक्के ८८.४०. घरात पेढे येतात, नातेवाईक ‘आता सायन्सच घे’ म्हणतात आणि पावसाळ्यात ती मुलगी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घेऊन अकरावीच्या वर्गात बसते. तिच्या टक्क्यांत तिचं गणित कुठेच नाही. अकरावीत मात्र ते पहिल्या आठवड्यापासून समोर येतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. अशी मुलं दरवर्षी माझ्या वर्गात असतात आणि त्यांचे दिवाळीपर्यंतचे हाल बघवत नाहीत. ती हुशार असतात, कष्टाळूही असतात. त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं, एवढंच. प्रवेशाला टक्के लागतातच, पण तयारी मोजायची तर चार साध्या गोष्टी बघाव्या लागतात: मूल अनोळखी मजकूर एकट्याने वाचून समजून घेतं का, ऐकता ऐकता स्वतःच्या शब्दांत टिपतं का, मागच्या इयत्तेचं गणित कुणी इशारा न देता सोडवतं का, आणि स्वतःचा दिवस स्वतः चालवतं का. या चारही गोष्टी घरी तपासता येतात. कागद, घड्याळ आणि थोडा संयम पुरतो.

तपासणी तीनदा करा: नववीच्या उन्हाळी सुट्टीत, दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत आणि बोर्डाची परीक्षा संपल्यावर. सुरुवातीलाच मुलाला मोकळेपणाने सांगा की यावर रागावणं नाही, बक्षीस नाही, शेजारच्या कुणाशी तुलना नाही. हे पाळता येणार नसेल तर काम मामा-मावशी, मोठी बहीण किंवा शाळेतल्या एखाद्या विश्वासाच्या शिक्षकांवर सोपवा. घाबरलेलं मूल उत्तर येत असूनही गप्प बसतं आणि मग तपासणीतून काहीच हाती लागत नाही.

पहिली पायरी: उत्तरपत्रिका रंगवा

दहावीला प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी ८० लेखी परीक्षेचे असतात आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे. अंतर्गत गुण देताना बहुतेक शाळांचा हात सैल असतो, म्हणून तयारी बघताना ते बाजूला ठेवा. सहामाही आणि सराव परीक्षेच्या लेखी उत्तरपत्रिका मागून घ्या. शाळा त्या दाखवते, फक्त पालक सही करून परत देतात.

मुलाला शेजारी बसवा आणि गेलेला प्रत्येक गुण तीन रंगांत विभागा. आलंच नाही, त्याला लाल. येत होतं पण मांडता आलं नाही, त्याला निळा. घाईत चुकलं किंवा वेळ संपला, त्याला हिरवा. रंग कोणता हे मुलानेच ठरवायचं. बहुतेक मुलं आधी सगळं हिरव्यातच टाकतात. तेव्हा वाद घालू नका. तेच उदाहरण कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायला द्या. वेळेची घाई नसताना सुटलं तर हिरवा, नाही तर लाल.

हिरवा जास्त असेल तर सरावाने भागतं. निळ्यासाठी लिखाणावर मेहनत घ्यावी लागते आणि त्याला काही महिने लागतात. लाल एकाच विषयात साचला असेल, आणि नेमका तोच विषय पुढच्या शाखेचा पाया असेल, तर शाखेबद्दल शांतपणे बोलायची वेळ आली आहे. ते बोलणं निकालानंतर आठ दिवसांत उरकण्यापेक्षा दिवाळीत झालेलं बरं.

दुसरी पायरी: अकरावीचं पान आधीच वाचून बघा

बालभारतीची अकरावीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. ज्या शाखेचा विचार चालू आहे तिच्या एका मुख्य विषयाची सुरुवातीची तीन-चार पानं छापून घ्या. मोबाइलवर नको, कागदावरच हवीत.

मुलाला चाळीस मिनिटं द्या. मदत नाही, गाईड नाही, यूट्यूब नाही. शब्दकोश चालेल. वेळ संपली की पानं उलटी ठेवायला सांगा आणि फक्त दोन गोष्टी विचारा: ‘यात काय सांगितलंय?’ आणि ‘तुला कुठे अडलं?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त मोलाचं असतं. ‘तिसऱ्या परिच्छेदात हे सूत्र कुठून आलं ते कळलं नाही’ असं बोट ठेवून सांगणारं मूल तयारीच्या वाटेवर आहे, भले त्याला अर्धंच कळलेलं असो. ‘सगळं कळलं’ किंवा ‘काहीच नाही कळलं’ म्हणणाऱ्या मुलाला अजून वाचायची सवय लागलेली नाही. दहावीपर्यंत अपेक्षित प्रश्नसंच आणि गाईडवर काम भागत असल्याने ही सवय नसणं अगदी साहजिक आहे. रोज दोन पानं अशी वाचली तर ती दोन-तीन महिन्यांत लागते. कॉलेजात पोहोचल्यावर लावायला वेळ मिळत नाही.

वाणिज्य शाखेचा विचार असेल तर ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ घ्या. हा विषय सगळ्यांनाच नवा असतो, त्यामुळे तिथे सगळे एका रेषेवर असतात. त्यासाठी आणखी एक चांगली चाचणी आहे: मुलाकडे पंधरा दिवस घरखर्चाची वही द्या. आरंभीची शिल्लक, रोजची जमा, रोजचा खर्च, शेवटची शिल्लक. पंधराव्या दिवशी वहीतली रक्कम आणि डब्यातली रक्कम जुळते का बघा. जुळली नाही तर चूक कुठे झाली ते शोधायला मूल बसतं की ‘दहा रुपयांनी काय होतंय’ म्हणून सोडून देतं, यावर लक्ष ठेवा. पुढे रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज करताना हीच चिकाटी लागणार आहे.

कला शाखेसाठी वर्तमानपत्रातला एखादा मोठा लेख वाचायला द्या आणि त्यावर स्वतःच्या शब्दांत दीडशे-दोनशे शब्द लिहून घ्या. मूळ लेखातली वाक्यं जशीच्या तशी उतरली असतील तर लिहिण्याचा सराव कमी आहे हे कळतं. इतिहास, राज्यशास्त्र, मानसशास्त्र या विषयांत सगळं यश लेखणीवर असतं. ‘कलेला काय, कुणीही जातं’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा बारावीच्या राज्यशास्त्राची चांगली उत्तरपत्रिका वाचावी.

तिसरी पायरी: मराठी माध्यमातून विज्ञानाकडे जाताना

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या. कला आणि वाणिज्य शाखा मराठीतून शिकता येतात, बोर्डाचा पेपर मराठीत लिहिता येतो. विज्ञान शाखा मात्र इंग्रजीतून. सेमी-इंग्रजीच्या मुलांचे विज्ञान आणि गणित आधीच इंग्रजीतून झालेले असतात. पूर्ण मराठी माध्यमाच्या मुलांवर ही वेळ एकदम येते.

मागे एका मराठी माध्यमाच्या मुलाला मी फळ्यावर आकृती काढायला बोलावलं. हवेतून काचेत शिरणारा किरण. त्याने पृष्ठभाग आखला, लंब काढला, आपाती किरण काढला आणि आतला किरण बरोबर लंबाकडे झुकवला. कोनसुद्धा नीट दाखवले. मग मी विचारलं, ‘यात रिफ्रॅक्शन कुठे झालं?’ तो खाली बघत म्हणाला, ‘सर, हा धडा आम्हाला नव्हता.’ धडा होता. दहावीच्या पुस्तकात ‘प्रकाशाचे अपवर्तन’ नावाने होता आणि त्याला तो उत्तम येत होता. मी ‘अपवर्तन’ म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला, पण तोवर दीड महिना तो स्वतःला ‘ढ’ समजत वर्गात बसला होता.

ही अडचण समजुतीची नाही, शब्दांची आहे, आणि शब्दांवर उन्हाळ्यात काम करता येतं. बोर्डाची परीक्षा साधारण मार्चच्या मध्यात संपते आणि कॉलेजचे वर्ग पावसाळ्यात सुरू होतात. तेवढा वेळ पुरेसा आहे.

एक जाड वही घ्या. नववी-दहावीच्या विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत पारिभाषिक शब्दाशेजारी बऱ्याच ठिकाणी कंसात इंग्रजी शब्द दिलेला असतो. तो परीक्षेसाठी कुणी वाचत नाही. आता तोच उतरवून काढायचा. डाव्या बाजूला मराठी, मधे इंग्रजी, उजवीकडे छोटी आकृती किंवा उदाहरण. त्वरण आणि ॲक्सिलरेशन, वस्तुमान आणि मास, घनता आणि डेन्सिटी, संयुजा आणि व्हॅलन्सी, क्षपण आणि रिडक्शन, आनुवंशिकता आणि हेरेडिटी. रोज दहा शब्द, आणि ते मोठ्याने उच्चारायचे. वर्गात प्रश्न विचारायला मूल कचरतं त्यामागे बऱ्याचदा उच्चाराची भीती असते.

दुसरा भाग प्रश्नांच्या भाषेचा. डिफाइन, स्टेट, डिराइव्ह, डिस्टिंग्विश बिटवीन, जस्टिफाय ही क्रियापदं पेपरात सतत येतात. ‘स्टेट’ला एक वाक्य पुरतं आणि ‘डिराइव्ह’ला पूर्ण सिद्धता लागते, हे माहीत नसल्याने येणाऱ्या प्रश्नाचेही गुण जातात.

तपासणी अशी: दहावीच्या विज्ञानाचं इंग्रजी माध्यमाचं पुस्तक उतरवून घ्या आणि मुलाला मराठीतून चांगला येणारा एखादा धडा त्यातून वाचायला द्या. आशय आधीच माहीत असल्याने कस फक्त भाषेचा लागतो. एका पानावर पाच-सहा शब्द अडले तर काळजी नको. प्रत्येक ओळीत अडत असेल तर रोजच्या दोन पानांचं वाचन याच पुस्तकातून करा. मराठीतून पक्क्या झालेल्या संकल्पना फुकट जात नाहीत. बारावीला माझ्या वर्गातली काही अतिशय भक्कम मुलं मराठी माध्यमाचीच असतात.

चौथी पायरी: गणिताचा पाया, इशारा न देता

‘मला नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा द्यायची आहे, मला गणित नको’ म्हणणाऱ्या मुलांनीही ही पायरी चुकवू नये. जीवशास्त्र घेतलं तरी भौतिकशास्त्र असतंच, आणि राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राचा दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे. सदिश, विकलन, संकलन सगळं त्यात येतं. गणित विषय न घेतलेलं मूल तिथे एकटं पडतं.

खालच्यासारखी दहा उदाहरणं एका कागदावर लिहून द्या. धड्याचं नाव लिहू नका आणि सोपं-अवघड असा क्रमही लावू नका.

- व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन ए एस, या सूत्रातून एस वेगळा काढ.
- मनोऱ्याच्या पायथ्यापासून २० मीटरवरून शेंडा ६० अंशांच्या उन्नत कोनात दिसतो. आकृती स्वतः काढून उंची काढ.
- ०.००४५ ही संख्या दहाच्या घातांकाच्या रूपात लिही.
- ३ ओहम आणि ६ ओहमचे रोध समांतर जोडले. परिणामी रोध किती?
- अंतर-काळ आलेखात वस्तू कुठे थांबली आहे ते दाखव आणि कशावरून ते सांग.

बाकीची पाच वर्गसमीकरणं, दोन चलांतील रेषीय समीकरणांची शाब्दिक उदाहरणं, समरूप त्रिकोण आणि निर्देशक भूमितीतून घ्या.

चौथ्या उदाहरणापाशी जरा थांबा, कारण त्यातून खूप कळतं. एक छेद तीन आणि एक छेद सहा यांची बेरीज एक छेद दोन येते. पुष्कळ मुलं ‘परिणामी रोध एक छेद दोन ओहम’ लिहून मोकळी होतात. काढलं ते रोधाचं व्यस्त आहे, उत्तर २ ओहम, हे लक्षातच येत नाही. चूक ऐकली की मुलं म्हणतात, ‘अरे हो, उलटं करायचं राहिलं.’ तेव्हा पुढचा प्रश्न विचारा: ‘समांतर जोडल्यावर परिणामी रोध दोघांतल्या लहान रोधापेक्षा कमी का येतो?’ याचं उत्तर देणाऱ्या मुलाला सूत्रामागचा अर्थ कळलेला असतो. असं मूल अकरावीत टिकतं, गुण थोडे कमी असले तरी.

माझ्या अनुभवातला ढोबळ हिशोब सांगतो. दहापैकी आठ स्वतःहून सुटली तर पाया ठीक आहे. पाच ते सात असतील तर सुट्टीतले दोन महिने रोज एक तास नववी-दहावीच्या गणितालाच द्या, अकरावीचा क्लास आत्ता लावू नका. त्याहून कमी असतील आणि मुलाला मनापासून विज्ञानच हवं असेल, तर दोन्ही गोष्टी त्याच्यासमोर ठेवा: इच्छा आणि अंतर. अंतर भरून काढता येतं, पण ते आहे हे आधी कळायला हवं.

अकरावी म्हणजे दहावीनंतरची विश्रांती, हा समज सोडून द्या. अभियांत्रिकी, फार्मसी यांसाठीच्या राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत साधारण २० टक्के भाग अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असतो. नीट आणि जेईई (अभियांत्रिकीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) यांना तर दोन्ही वर्षं सारखीच लागतात.

पाचवी पायरी: ऐकून टिपणं

शाळेत बाई फळ्यावर लिहून देतात, प्रश्नोत्तरं सांगतात, वही तपासतात. कॉलेजात तास साधारण पाऊण तासाचा, वर्ग मोठा, आणि वही कुणी बघत नाही. चाचणी सोपी आहे. मुलाला आवडणाऱ्या विषयावरचं वीस मिनिटांचं एक भाषण लावा. मधे थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही. ऐकता ऐकता टिपायचं. दुसऱ्या दिवशी फक्त त्या टिपणावरून दहा वाक्यांत विषय सांगायला लावा. पहिल्यांदा कुणालाच नीट जमत नाही. मूल प्रत्येक शब्द पकडायला धावतं आणि निम्म्यातच दमतं. आठवड्यातून दोनदा केलं तर महिन्याभरात मुद्दा ओळखायला लागतं.

सहावी पायरी: आठ दिवस कुणी काही बोलायचं नाही

पालकांना ही सगळ्यांत जड जाते. आठ दिवस उठवायचं नाही, ‘अभ्यासाला बस’ म्हणायचं नाही, डबा भरून हातात द्यायचा नाही, मोबाइलवरून टोकायचं नाही. आठवड्यात काय करायचं ते रविवारी मुलानेच कागदावर लिहायचं. पुढच्या रविवारी तो कागद दोघांनी बघायचा: ठरवलेलं किती झालं, आणि बुडालं तेव्हा मुलाने काय केलं? निम्मं झालं तरी चांगलं समजा. बुधवारी गाडी घसरल्यावर गुरुवारी ती पुन्हा रुळावर आणायचा प्रयत्न झाला का, हे खरं बघायचं.

त्याच आठवड्यात घराबाहेरचं एखादं काम एकट्याला द्या. शाळेतून बोनाफाइड आणणं, बँकेत पासबुक भरून घेणं, किंवा ज्या कॉलेजाचा विचार आहे तिथपर्यंत एसटीने किंवा लोकलने जाऊन येणं. तालुक्याच्या कॉलेजला रोज दीड तास जायला आणि दीड तास यायला लागणार असेल तर तेही तयारीच्या हिशोबात धरा. मुलींच्या बाबतीत अंतराच्या भीतीने कॉलेजच रद्द करू नका. एसटीचा सवलतीचा पास मिळतो आणि ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत तो मोफत आहे.

कागदपत्रं आणि प्रवेश

यावर थोडक्यात, कारण शाळेत माहिती मिळते. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतो. अर्जात पसंतीक्रमाने दहापर्यंत कॉलेजं भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही तर नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून पहिल्या क्रमांकावर नाव टाकण्याआधी ते कॉलेज डोळ्यांनी बघून या: तास खरंच होतात का, प्रयोगशाळा वापरात आहे का, शिक्षक किती आहेत. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यांचं काम दहावीच्या दिवाळीतच सुरू करा. विज्ञान शाखेच्या राखीव प्रवर्गातल्या मुलांनी जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करून टाकावा, बारावीनंतर व्यावसायिक प्रवेशाच्या वेळी धावपळ होते.

निष्कर्ष आणि हट्ट जुळले नाहीत तर

‘विज्ञान घे, सगळे रस्ते उघडे राहतात’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. ज्याला विज्ञान झेपत नाही त्याच्यासाठी त्यातला एकही रस्ता उघडा राहत नाही, दोन वर्षं आणि आत्मविश्वास मात्र जातो. वाणिज्य किंवा कलेतून बारावी झाल्यावर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करता येतो, सीएची फाउंडेशन परीक्षा देता येते, आणि पदवीनंतर एमपीएससी-यूपीएससी सगळ्यांनाच खुली असते. हाताने काम करण्यात रमणाऱ्या मुलासाठी दहावीनंतर आयटीआय आहे, तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे, आणि डिप्लोमानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

तरी कधी कधी तपासणी एक सांगते आणि मूल दुसरंच मागतं. त्याला हट्ट म्हणून दडपू नका. एप्रिलचे तीन आठवडे त्याला द्या. अकरावीच्या भौतिकशास्त्राचे पहिले दोन धडे आणि गणितातला कोनमापन व त्रिकोणमितीचा भाग, क्लास न लावता, स्वतः वाचून, उदाहरणं सोडवून. रोज दोन तास. अडेल तिथे खूण करायची आणि आठवड्यातून एकदा शाळेच्या सरांकडे किंवा ओळखीच्या एखाद्या बारावीच्या ताईकडे जाऊन विचारायचं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तीन प्रश्न त्यालाच विचारा: किती दिवस बसलास, किती खुणा सुटल्या, आणि यातलं काय पुन्हा करावंसं वाटतं? उत्तरं त्याच्या हाताने लिहून घ्या, आणि पसंतीक्रम भरताना तो कागद समोर ठेवा.